आठवड्याच्या जेवणाचं नियोजन आणि किराणा: कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे चुकतं

जेवणाचं नियोजन करून बघितलं पण जमलं नाही, असं म्हणणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकलेले असतात. कोरा कागद घ्यायचा, सोमवार ते रविवार रकाने आखायचे, त्यात पदार्थांची नावं भरायची आणि त्या पदार्थांना लागेल ते विकत आणायचं. घरी आल्यावर कळतं की डब्यात डाळ होतीच, फ्रीजमध्ये अर्धा कोबी पडून होता आणि बुधवारी रात्री घरी जेवायला जेमतेम दोघंच आहेत. शुक्रवार उजाडेपर्यंत निम्मा कागद बाद झालेला असतो आणि पालेभाजी काळवंडलेली असते.

पदार्थ ठरवणं ही तिसरी पायरी आहे. आधी आठवडा बघायचा, मग घरातलं सामान बघायचं, मग पदार्थ, मग प्रमाण आणि शेवटी यादी. खालचे टप्पे याच क्रमाने करा. सुरुवातीला तासभर लागेल, सवय झाली की अर्ध्या तासात उरकतं.

## तयारी

एक वही किंवा फळा, वजनकाटा (नसेल तर कायम एकच ठरलेली वाटी), जाड टोकाचं मार्कर आणि डब्यांना लावायला कागदी चिकटपट्टी. फ्रीजमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळाला तर जरूर घ्या. फ्रीजचं तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी आणि फ्रीझरचं उणे १८ अंश असायला हवं. फ्रीजच्या बटणावरचे १ ते ५ हे आकडे अंश नसतात, त्यांच्यावरून तापमान कळत नाही. फ्रीज पुरेसा थंड नसेल तर पुढचं सगळं गणित एक-दोन दिवसांनी कोसळतं.

नियोजन खरेदीच्या आदल्या दिवशी करा. निघता निघता केलेली यादी ही आठवणींची यादी असते, आणि आठवणीत फक्त काल संपलेल्या गोष्टी असतात.

## टप्पा १: आठवड्यातली जेवणं मोजा

प्रत्येक वारापुढे तीन गोष्टी लिहा: कोण जेवायला आहे, स्वयंपाकाला हातात किती वेळ आहे आणि डबा न्यायचा आहे का. पदार्थाचं नाव अजून लिहायचं नाही.

समजा घरात दोन मोठी माणसं, एक बारा वर्षांचं आणि एक सात वर्षांचं मूल आहे. सोमवारी थोरल्याचा क्लास, त्यामुळे जेवण उशिरा. बुधवारी एक जण बाहेरगावी. गुरुवारी दोघेही कामावरून उशिरा येणार. शनिवारी सगळे बाहेर जेवणार. म्हणजे रात्रीची सात जेवणं दिसत असली तरी घरात शिजवायची सहाच. त्यातलं गुरुवारचं जेवण आधीच्या दिवशी उरवलेल्यावर भागवायचं. शिवाय एक रात्र मुद्दाम मोकळी सोडायची, कारण एखादा बेत मोडतोच. उरतात चार. चार रात्रींचं नियोजन करायचं आहे, सातचं नाही.

मोकळ्या रात्रीसाठी टिकाऊ जिन्नस घरात हवेत: डाळ, तांदूळ, अंडी, कांदे, बटाटे. यातून पाऊण तासाच्या आत जेवण होतं आणि ती रात्र लागली नाही तर काही वाया जात नाही.

तपासा: कागदावर शिजवायची जेवणं आठवड्याच्या दिवसांइतकीच दिसत असतील, तर हा टप्पा पुन्हा करा.

## टप्पा २: घरातलं सामान बघा

क्रम असा ठेवा: आधी फ्रीज, मग फ्रीझर, मग डबे. लवकर खराब होणारं आधी डोळ्यांखालून जायला हवं. फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात हात घाला. डब्यांची झाकणं उघडून बघा, कारण बाहेरून भरलेला दिसणारा डबा तळाशी आलेला असू शकतो.

तीन याद्या करा:

- आधी संपवायचं: अर्धा कोबी, उघडलेलं दही, मऊ पडू लागलेले टोमॅटो, दोन दिवसांपूर्वीची शिजवलेली डाळ.
- पुरेसं आहे: या आठवड्यात विकत घ्यायचं नाही असं सगळं. ही यादी लिहिणं बरेच जण टाळतात. दुहेरी खरेदी थांबते ती मात्र हिच्यामुळेच.
- संपत आलंय: आठवडाभर पुरणार नाही असं.

सावधान: पाकिटावरच्या तारखा दोन प्रकारच्या असतात. ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची तारीख आहे. ती उलटली की वास ठीक वाटला तरी तो पदार्थ खायचा नाही. ‘बेस्ट बिफोर’ ही दर्जाची तारीख आहे. ती उलटलेलं कोरडं धान्य किंवा बिस्किटं थोडी शिळी लागतील, पण नीट साठवलेली असतील तर टाकून द्यायची गरज नसते. या दोन्हींत घोळ झाला की एक तर चांगलं अन्न फेकलं जातं, नाहीतर नको ते पोटात जातं.

## टप्पा ३: आता पदार्थ ठरवा

सुरुवात ‘आधी संपवायचं’ या यादीतून करा. अर्ध्या कोबीला वार मिळाला की मग बाकीच्यांचं बघा.

दुसरा निकष टिकण्याचा. खरेदी रविवारी होत असेल तर सोमवार-मंगळवारी पालेभाजी, मशरूम, ताजे मासे. आठवड्याच्या मध्याला फुलकोबी, शेंगा, वांगी, ढोबळी मिरची. शेवटाकडे गाजर, कोबी, भोपळा, बटाटा आणि कडधान्यं. कच्चे मासे आणि कच्चं चिकन फ्रीजमध्ये एक-दोन दिवसच ठेवावं. गुरुवारी करायचं चिकन रविवारी आणलंत, तर ते आणल्या आणल्या फ्रीझरमध्ये गेलं पाहिजे. इतकं एक पाळलं तरी नासाडी बरीच कमी होते.

तिसरा निकष वेळेचा. उशिरा घरी येणाऱ्या दिवशी निवडण्या-चिरण्याचं काम असलेला पदार्थ ठेवू नका. कागदावर छान दिसतो, रात्री आठ वाजता नकोसा होतो आणि मग बाहेरून जेवण मागवलं जातं.

आणि एक जिन्नस किमान दोन जेवणांत वापरला जाईल असं बघा. कोबीचा मोठा गड्डा घेतलात तर अर्धा मंगळवारी भाजीत, उरलेला शुक्रवारी सूपमध्ये. एखादा जिन्नस एकाच पदार्थासाठी दोन चमचे लागणार असेल, तर तो पदार्थ बदला किंवा तो जिन्नस गाळा.

नवा पदार्थ आठवड्याला एकच, तोही हाताशी वेळ असलेल्या दिवशी. घरातल्यांना विचारताना ‘काय करू?’ असं मोघम विचारू नका, उत्तर ‘काहीही’ असंच येतं. दोन पर्याय समोर ठेवा. मुलांनी स्वतः निवडलेली भाजी ताटात कमी उरते, म्हणून आठवड्यातलं एक जेवण त्यांच्यावर सोपवा.

## टप्पा ४: प्रमाण काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण खरेदी अंदाजपंचे चालते. पदार्थ बरोबर ठरवूनही प्रमाण चुकलं तर गुरुवारी भाजी संपते किंवा शनिवारी फेकावी लागते.

भाज्या आणि फळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दहा वर्षांवरच्या प्रत्येकाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं खावीत. ६ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी हा आकडा ३५० ग्रॅम आणि २ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी २५० ग्रॅम आहे. बटाटे, रताळी वगैरे यात धरत नाहीत. वरच्या उदाहरणातल्या घरासाठी हिशोब असा: तिघांचे १,२०० आणि धाकट्याचे ३५०, मिळून दिवसाला १,५५० ग्रॅम. आठवड्याचे जवळजवळ ११ किलो. त्यातून बाहेर होणारी जेवणं वजा करा आणि साली-देठांसाठी थोडं वाढवा. एकदा हा हिशोब करून आपण आणलेल्या पिशवीचं वजन करून बघा. फळं कमी आणि पालेभाजी गरजेपेक्षा जास्त, असं चित्र पुष्कळ घरांत दिसेल.

तांदूळ आणि डाळी. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ६० ते ७५ ग्रॅम कोरडा तांदूळ पुरतो. शिजल्यावर तो तिप्पट होतो. डाळ किंवा कडधान्य ४० ते ५० ग्रॅम. वाढत्या वयाची मुलं आणि अंगमेहनतीचं काम करणारी माणसं यापेक्षा जास्त खातात, तेव्हा हे आकडे सुरुवातीपुरतेच धरा.

तुमच्या घराचा खरा खप. कोणत्याही तक्त्यापेक्षा हा आकडा भरवशाचा. नवं पाकीट उघडताना त्यावर मार्करने तारीख लिहा, संपल्यावर दिवस मोजा. ५ किलो तांदूळ ३ तारखेला उघडला आणि २४ दिवसांत संपला, तर रोजचा खप साधारण २०८ ग्रॅम, म्हणजे ३० दिवसांना सव्वासहा किलो. तेल, साखर, पीठ, चहा, साबण सगळ्यांना हेच करा. दोन महिन्यांत महिन्याची यादी आपोआप तयार होते आणि पुढे तिला फारसा हात लावावा लागत नाही.

यातून आणखी एक गोष्ट हाती लागते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. चार मोठ्या माणसांच्या घरात एक किलो मीठ ५० दिवस तरी पुरायला हवं, आणि तयार पदार्थांतून पोटात जाणारं मीठ वेगळंच. पाकीट फक्त खाण्यात जात असेल आणि तरी त्याआधीच संपत असेल, तर तारखेची चिठ्ठी काय सांगतेय ते मनावर घ्या.

## टप्पा ५: यादी लिहा

यादीत फक्त नाव लिहू नका. ‘टोमॅटो’ असं लिहिलं तर दुकानात पुन्हा विचार करावा लागतो. ‘टोमॅटो १ किलो, निम्मे कडक’ असं लिहिलं तर घरातलं कुणीही जाऊन आणू शकतं.

जिन्नस पदार्थांप्रमाणे न लिहिता दुकानातल्या विभागांप्रमाणे लिहा: कोरडं सामान, भाजी-फळं, दुधाचे पदार्थ, मांस-मासे, गोठवलेलं, घरसफाईचं. म्हणजे मागे फिरावं लागत नाही. ज्या जिन्नसावाचून पदार्थ अडेल, त्याच्यापुढे पर्याय लिहून ठेवा: ‘शेंगा, नाहीतर फुलकोबी’.

याद्या तीन असाव्यात. कोरड्या सामानाची महिन्याची, भाजी-दुधाची आठवड्याची, आणि आठवड्याच्या मध्याला लागणाऱ्या चार-दोन नाशवंत गोष्टींची छोटी. तिन्ही एकत्र केल्या की दर आठवड्याला सगळं दुकान नव्याने बघावं लागतं आणि पिशवीत नको ते शिरतं.

तपासा: यादीतल्या प्रत्येक जिन्नसावर बोट ठेवून विचारा, हा कुठल्या वारी लागणार? उत्तर नसेल आणि तो ‘संपत आलंय’ मध्येही नसेल, तर खोडा.

## टप्पा ६: खरेदी

पोटभर खाऊन जा. भुकेल्या पोटी हात यादीबाहेरच जातो.

आधी कोरडं सामान घ्या, मग भाजी-फळं. दूध, मांस-मासे आणि गोठवलेलं सगळ्यात शेवटी, कारण ते फ्रीजबाहेर जितका कमी वेळ राहील तितकं बरं. कच्चं मांस-मासे वेगळ्या पिशवीत बांधून घ्या. त्यातून गळलेलं पाणी कच्च्या खाण्याच्या काकडीवर पडता कामा नये.

मोठं पाकीट स्वस्तच असेल असं धरून चालू नका. किमतीला वजनाने भागा आणि किलोचा भाव काढून तुलना करा. भाव कमी निघाला तरी खपाचा आकडा आठवा. तीन महिन्यांत संपणार नाही इतकं पीठ स्वस्तात घेऊन त्यात किडे झाले तर ते महागच पडतं. एकावर एक फुकटचंही तसंच. दुसऱ्या नगाला कागदावर वार मिळत असेल किंवा तो फ्रीझरमध्ये जाणार असेल तरच घ्या.

घरपोच मागवत असाल तर एखादी वस्तू नसल्यास बदली काय द्यायचं, ते आधीच नोंदवा. सामान येईल तेव्हा घरात कुणीतरी असायला हवं.

## टप्पा ७: घरी आल्यावरचा पहिला तास

पिशव्या ओट्यावर ठेवून बसू नका. दूध, मांस-मासे आणि गोठवलेलं लगेच आत. कच्चं मांस झाकणाच्या डब्यात, फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात. दूध दाराच्या कप्प्यात ठेवू नका, कारण फ्रीजचं दार हा त्याचा सगळ्यात गरम भाग असतो.

पालेभाजीला थोडा वेळ द्या. जुडीची दोरी किंवा रबर सोडा, कारण बांधलेल्या जागी देठ चेपतात आणि सडायला तिथूनच सुरुवात होते. पिवळी आणि चिकट पानं काढून टाका. एक सडकं पान दोन दिवसांत शेजारची चार घेऊन जातं. पानं ओली असतील तर पंचावर पसरून कोरडी करा, मग कोरड्या सुती कापडात किंवा कागदात सैल गुंडाळून डब्यात ठेवा. दोन-तीन दिवसांनी कागद दमट लागला तर बदला. धुवायची ती वापरायच्या आधी.

बाकीच्यांचं थोडक्यात:

- सफरचंद, केळी आणि पिकलेले टोमॅटो इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्याने पालेभाजी पिवळी पडते, गाजर कडवट होतं. ही फळं त्यांच्यापासून लांब ठेवा.
- बटाटे अंधारात, हवेशीर जागी. कांद्यांच्या शेजारी नकोत, दोन्ही लवकर खराब होतात. उजेडाने बटाटा हिरवा होतो आणि त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं, म्हणून फार हिरवा झालेला बटाटा टाकून द्या.
- नवं सामान मागे, जुनं पुढे. नवं धान्य जुन्यावर ओतू नका. तळाचं तळाशीच राहतं आणि तिथे कीड लागते.
- थोडक्या प्रमाणातलं धान्य किंवा पीठ आणल्यावर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं तर त्यातले किडे आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पाकीट उघडू नका, नाहीतर ओल धरेल.

## टप्पा ८: आगाऊ तयारी, पण बेतानेच

सुट्टीच्या दिवशी आठवड्याचं सगळं चिरून ठेवायचा उत्साह आवरा. चिरलेली भाजी अख्ख्या भाजीपेक्षा लवकर खराब होते. दोन दिवसांपुरतं चिरा. कडधान्यं भिजवून शिजवणं, वाटण करून ठेवणं, डाळ शिजवून ठेवणं ही कामं मात्र आगाऊ करण्याजोगी आहेत, कारण रोजचा वेळ त्यांतच जातो.

शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. मोठं पातेलं तसंच ठेवलं तर त्याचा मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो. म्हणून पसरट डब्यांत, पाच सेंटिमीटरपेक्षा कमी थराने काढा. डब्यावर पदार्थाचं नाव आणि तारीख लिहा. तीन-चार दिवसांत संपणार नसेल तर आजच फ्रीझरमध्ये टाका, चौथ्या दिवशी नाही. गोठवताना एका जेवणापुरते वेगळे डबे करा.

सावधान, भात: कच्च्या तांदळातले बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात. भात तासनतास बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि नंतर कितीही गरम केलं तरी ते विष जात नाही. शिजल्यावर भात लवकरात लवकर पसरून थंड करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

सावधान, राजमा: राजमा कमीत कमी पाच तास भिजवा, ते पाणी ओतून टाका आणि ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळा. तेवढ्या उष्णतेशिवाय त्यातलं लेक्टिन हे विषारी द्रव्य निष्प्रभ होत नाही. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नका.

## टप्पा ९: रोज रात्री पाच मिनिटं

आवराआवर झाली की उद्याचा रकाना वाचा. काय भिजत घालायचं आणि फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये काय आणायचं, एवढंच बघायचं. अर्धा किलो गोठवलेलं मांस फ्रीजमध्ये सुटायलाही पूर्ण दिवस लागू शकतो. ते सकाळी ओट्यावर काढून ठेवणं धोक्याचं, कारण आतला भाग बर्फासारखा असतानाच बाहेरचा कोमट झालेला असतो आणि जिवाणू वाढायला तेवढं पुरतं. विसरलात तर मायक्रोवेव्हमध्ये सोडवा आणि लगेच शिजवा.

बेत बदलला तर वारांची अदलाबदल करा, पण नाशवंत पदार्थ पुढे ढकलू नका. ढकलायचा तो कडधान्याचा बेत.

## टप्पा १०: आठवडा संपताना

खरेदीच्या आदल्या दिवशी जुन्या कागदावर तीन खुणा करा: काय टाकून द्यावं लागलं, काय मध्येच संपलं, कुठला बेत झालाच नाही. टाकून दिलेल्या वस्तूपुढे कारण लिहा. जास्त आणली, चुकीच्या जागी ठेवली की वार उशिराचा पडला? तीन कारणांचे तीन वेगळे उपाय आहेत: प्रमाण कमी करणं, जागा बदलणं, वार अलीकडे आणणं. कारण न लिहिता ती भाजीच आणायची बंद केली, तर पुढच्या आठवड्यात दुसरी भाजी त्याच कारणाने वाया जाईल.

कागद फेकू नका. चार-पाच जमले की त्यातले नीट पार पडलेले दोन निवडा आणि आलटून पालटून वापरा. प्रत्येक वेळी टप्पा १ आणि २ मात्र नव्याने करायचे, कारण घरात जेवायला कोण आहे आणि फ्रीजमध्ये काय आहे हे जुना कागद सांगू शकत नाही.

आजारपण, पाहुणे किंवा प्रवासामुळे आठवडा मध्येच विस्कटला, तर सोमवारची वाट बघू नका. उरलेल्या दिवसांपुरते टप्पा १ आणि २ करा, नाशवंत जिन्नस उद्या-परवाच्या जेवणात घ्या, आजच गोठवता येईल ते गोठवा आणि रोजची रात्रीची पाच मिनिटं तिथूनच पुन्हा सुरू करा.